घाटरस्त्यांचे ऋण

माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात 'घाट' हा शब्द दोन अर्थांनी येतो. महेश्वरला नर्मदेवर उतरणाऱ्या दगडी पायऱ्या म्हणजे घाट, हा अर्थ आपण उत्तरेकडे आल्यावर आपलासा केला. डोंगर चढून जाणारी वाट म्हणजे घाट, हा अर्थ मात्र आपण सह्याद्रीकडून बरोबर आणला. महूहून जामच्या घाटाने खाली उतरून मंडलेश्वर-महेश्वरकडे गेलेल्या माणसाला हे दोन्ही घाट एकाच दिवसात भेटतात.

अलीकडे आपल्या मंडळातील तरुण सभासद पावसाळा सुरू झाला की रविवारी पहाटे मोटारसायकली काढून याच जाम घाटाची वाट धरतात. दिवाळीच्या सुटीत त्यांपैकी काही जण त्याच वाहनावरून थेट नाशिक, पुणे, सावंतवाडीपर्यंत जाऊन येतात. वडीलधाऱ्यांना त्याची काळजी वाटते, आणि ती रास्तच आहे. तथापि हे तरुण जे रस्ते निव्वळ आनंदासाठी निवडतात, त्यांतील जवळजवळ एकही रस्ता आनंदासाठी बांधला गेलेला नाही. कोणी तो मीठ वाहण्यासाठी पाडला, कोणी तोफा चढविण्यासाठी, कोणी छावणीला रसद पोहोचविण्यासाठी. ज्या वळणावर आपण वाहन थांबवून दरीकडे पाहतो, ते वळण तेथे का आहे आणि त्यासाठी कोणी काय मोजले, हे माळव्यापासून कोकणापर्यंतच्या वाटेने सांगण्याचा आमचा या लेखात प्रयत्न आहे.

प्रारंभ आपल्या उंबरठ्यापासूनच करू. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच आहे. दक्षिणेकडे ते विंध्याच्या कडेपाशी संपते आणि खाली निमाडचा सखल प्रदेश व नर्मदेचे पात्र दिसू लागते. दक्षिणेतून येणाऱ्या प्रत्येक फौजेला नर्मदा ओलांडल्यावर ही कड चढावी लागे. म्हणून माळव्याच्या इतिहासात घाटांना किल्ल्यांइतकेच महत्त्व आले. नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजी अप्पा फौज घेऊन नर्मदेवर आले, तेव्हा माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर अमझेऱ्याजवळच्या घाटाकडे डोळे लावून बसला होता. मराठी फौज मात्र मांडूच्या बाजूच्या घाटाने वर चढली. २९ नोव्हेंबरला अमझेऱ्यापाशी झालेल्या लढाईत सुभेदार मारला गेला आणि माळव्यात मराठ्यांचा पाय रोवला गेला. आपली पुष्कळ घराणी येथे कशी आली, या प्रश्नाच्या उत्तराच्या मुळाशी एका घाटाची निवड आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे अहिल्याबाई होळकरांनी महेश्वर ही राजधानी केली. राजधानी नर्मदेकाठी आणि राज्याचा मोठा भाग वर पठारावर, अशा स्थितीत या दोहोंना जोडणारी वाट सुरक्षित राखणे हे राज्यकारभाराचे निकडीचे काम होते. जाम येथे ऐन घाटमाथ्यावर उभा असलेला भक्कम दगडी दरवाजा त्यांच्याच कारकिर्दीतला, १७९१ च्या सुमाराचा. घाटमाथ्यावर दरवाजा म्हणजे पहारा आला, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी आली आणि थकलेल्या वाटसरूला क्षणभर सावलीही आली. आज त्याच दरवाज्याजवळ मोटारसायकलींची रांग लागते, भाजलेली कणसे खाल्ली जातात, छायाचित्रे काढली जातात. दरवाज्याला त्याचे वावडे असण्याचे कारण नाही. वाटसरूसाठीच तो उभा आहे. परंतु ही कमान देखाव्यासाठी उभारलेली नसून राजधानीकडे जाणारी वाट राखण्यासाठी उभी आहे, एवढे तिच्याखालून जाताना ध्यानी असावे.

विंध्य उतरून खलघाटापाशी नर्मदा ओलांडली की जुना मुंबई-आग्रा रस्ता सेंधव्याकडे वळतो आणि सातपुडा चढू लागतो. हा बिजासनचा घाट. विजेच्या वेगाने जाणारे मालमोटारीचे चालकही येथे बिजासनी मातेपुढे थांबतात. तसेच पुढे नाशिक ओलांडून इगतपुरीला गेल्यावर कसाऱ्याचा, म्हणजे जुना थळ घाट सुरू होतो, तेथे माथ्यावर घाटनदेवी आहे. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना वाटेत शिंग्रोबा आहे. प्रत्येक मोठ्या घाटाला असे एक दैवत असावे, हा योगायोग नव्हे. घाटाला पूर्वी कोणी रम्य म्हणत नसे. तेथे बैल कोसळत, चाक निसटे, पावसात दरड येई, दबा धरून बसलेले चोर असत. म्हणून खाली उतरण्यापूर्वी देवीपुढे नारळ फुटे आणि सुखरूप वर आल्यावर हात जोडले जात. घाटाचे सौंदर्य डोळ्यांना दिसू लागले, ते त्याची भीती ओसरल्यानंतर.

सह्याद्रीच्या घाटांची रचना समजण्यासाठी त्याच्या दगडाकडे पाहिले पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्याची पश्चिमेकडील कड भिंतीसारखी तुटलेली आहे. वर देश, खाली कोकण. ही भिंत ओलांडण्याच्या जागा निसर्गानेच मोजक्या ठेवल्या. पैकी जुन्नरजवळचा नाणेघाट सर्वांत प्राचीन वाटांपैकी एक. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपारा या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरकडे चढे. घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख कोरलेला आहे. माथ्यावर एक दगडी रांजण आहे आणि त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे परंपरा सांगते. आज मोटारसायकल जुन्नरच्या बाजूने थेट नाणेघाटाच्या तोंडापर्यंत जाते आणि तेथे अडते. पुढे कोकणात उतरणारी वाट दगडी पायऱ्यांची आहे. तेथे चाकाला प्रवेश नाही.

जुने घाट आणि नवे घाट यांतील सारा भेद या पायऱ्यांतच आहे. चाकाची गाडी येण्यापूर्वी मालवाहतूक पाठीवर होई. लमाणांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून कोकणातून मीठ वर आणीत आणि देशावरचे धान्य खाली नेत. गोणी वाहणारा बैल उभा चढ चढू शकतो. पायरी असली तर त्याला पाऊल ठेवावयास बरेच. त्यामुळे जुन्या वाटा डोंगराच्या नाळेतून जवळजवळ सरळ वर जात. त्यांना वळणे फारशी नव्हती, कारण वळणांची गरज नव्हती.

शिवकाळात या अडचणीचेच संरक्षण झाले. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान सैन्यासह कोकणात उतरू लागला, तेव्हा महाराजांनी त्याला खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत गाठले. अरुंद वाट, दोन्ही बाजूंस दाट झाडी, मागे-पुढे मराठी मावळे; खानाला शरणागती पत्करून, सामान टाकून परतावे लागले. ज्या राज्याची सुरक्षितता घाटांच्या दुर्गमतेवर उभी होती, त्याने ते रुंद केले नाहीत, हे त्या परिस्थितीत शहाणपणाचेच होते. घाट रुंद करण्याची गरज ज्याला भासली, तो राज्यकर्ता निराळा होता.

१८०४ मध्ये जनरल वेलस्ली याने पनवेलहून बोरघाट चढून जाण्यासाठी तोफांचा रस्ता तयार करविला. यात व्यापार नव्हता, हेतू उघड लष्करी होता. पुढे १८१७ च्या डिसेंबरात महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि महूची छावणी वसली. या साऱ्यात अग्रभागी असलेला जॉन माल्कम हा आपल्या माळव्याला परिचित. तोच माल्कम १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला आणि नोव्हेंबर १८३० मध्ये त्याने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. घोडागाडीत बसून तो स्वतः घाट उतरला. ज्याने माळव्यातील मराठी सत्तेचा कणा मोडला, त्यानेच कोकण आणि देश यांच्यामधील भिंतीला चाकाची वाट पाडली. इतिहास एका माणसाच्या हातून अशा दोन गोष्टी करवून घेतो, आणि आपणास दोन्हींची नोंद ठेवावी लागते.

आता वळणांकडे येऊ. तोफ किंवा भरलेली बैलगाडी पायऱ्या चढत नाही. तिला सौम्य चढ लागतो. ढोबळ मानाने वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट उंची, यापेक्षा अधिक चढ सतत असला तर बैलजोडीचा दम तुटतो आणि उतारावर गाडी आवरत नाही. सहाशे मीटर उंची या प्रमाणात चढावयाची तर रस्त्याची लांबी बारा किलोमीटर हवी. आणि डोंगराची कड तर सरळ रेषेत दोन-तीन किलोमीटरांत संपते. मग उरलेली लांबी आणावयाची कोठून? ती वळणांतून. रस्ता डोंगराच्या पोटाशी आडवा जातो, थकला की उलट फिरतो, पुन्हा आडवा जातो. आजही आपल्याकडे डोंगरी रस्त्यांसाठी साधारणतः विसास एक हाच चढ प्रमाण मानला जातो. केसाच्या पिनेसारख्या वळणाची आतली त्रिज्या किमान चौदा मीटर असावी आणि तेथे ताशी वीस किलोमीटर वेग गृहीत धरावा, असा अभियंत्यांचा दंडक आहे. लोहमार्गाला याहूनही सौम्य चढ लागतो. थळ आणि बोर या दोन्ही घाटांत रेल्वेचा चढ सदतिसास एक आहे आणि तेवढ्यासाठीही गाडीला मागून जादा इंजिन लावण्याचा प्रघात पडला.

मोटारसायकलस्वाराला जे सुख मिळते, ते या वळणांमुळे. एका वळणावर डावीकडे झुकावे, पुढच्यावर उजवीकडे; क्षणभर समोर आभाळ, क्षणभर काळा कातळ; इंजिनाचा स्वर चढावर जड आणि सपाटीवर मोकळा. मोटारीत बसलेल्याला घाट काचेतून दिसतो, स्वाराला तो अंगावर घ्यावा लागतो. ओल्या मातीचा वास, धुक्याचा गारवा, वळणामागून अचानक येणारा धबधब्याचा शिडकावा, यांतले काहीच त्याच्यापासून लपत नाही. पण ही लय स्वारासाठी योजलेली नव्हती. ती ठरली बैलाच्या छातीवरून. त्या मुक्या जनावराचा दम ज्या ठिकाणी संपत होता, त्या ठिकाणी रस्ता वळला, आणि दोनशे वर्षांनी आपण त्या वळणाला सुंदर म्हणतो.

बैलाचा दम हिशेबात धरणाऱ्यांनी माणसांचा दम मात्र नेहमीच धरला, असे नाही. बोरघाटात रस्त्याशेजारून जो लोहमार्ग जातो, त्याचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पुरे झाले. त्यासाठी पंचवीस बोगदे खोदावे लागले. १८६१ मध्ये या एका कामावर बेचाळीस हजारांपर्यंत मजूर होते. पटकी, ताप आणि अपघात यांत त्यांपैकी हजारो दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ मध्ये भारतात आल्यावर अल्पावधीतच मरण पावला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले. या दोघांची नावे इतिहासात राहिली. सुरुंग लावणाऱ्याचे, पाटीभर दगड डोक्यावर घेऊन कड्यावर चढणाऱ्या बाईचे नाव कोठे राहिले नाही.

लोकांनी मात्र या अनामिकांना आपल्या पद्धतीने एक नाव दिले. ते नाव शिंग्रोबा. आख्यायिका अशी की, या डोंगरात गुरे-मेंढरे राखणाऱ्या एका धनगराने गोऱ्या साहेबाला घाटाची वाट दाखविली. साहेबाने बक्षीस विचारले तेव्हा त्याने आमचा देश आम्हांस परत द्या, एवढेच मागितले, आणि त्याला गोळी घालण्यात आली. कागदपत्रांच्या कसोटीवर ही कथा उतरेल अथवा न उतरेल. पण जुन्या घाटरस्त्यावरचे त्याचे ठाणे खरे आहे आणि तेथे थांबून नाणे ठेवणारे हातही खरे आहेत. ज्यांच्या ज्ञानावर आणि श्रमावर रस्ता उभा राहिला, त्यांना त्याचे श्रेय मिळाले नाही, ही लोकांच्या मनातील बोच या कथेत साठविलेली आहे.

बोरघाट चढून पुण्यास आले की पुण्याच्या स्वारांचा अतिशय आवडता असा आणखी एक रस्ता पश्चिमेस निघतो. तो मुळशीच्या तलावाच्या काठाकाठाने ताम्हिणी घाटात जातो आणि माणगावच्या बाजूस कोकणात उतरतो. पावसाळ्यात डावी-उजवीकडचे डोंगर शेकडो धारांनी वाहत असतात आणि मध्ये तलावाचे करडे पाणी पसरलेले असते. या पाण्याखाली मावळातील भातशेती आहे. विजेसाठी टाटा कंपनीने येथे धरण बांधावयास घेतले, तेव्हा सुमारे पन्नास गावांच्या जमिनींवर संकट आले आणि एप्रिल १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिले. विनायकराव भुस्कुटे आणि शेकडो मावळे स्त्री-पुरुष यांनी तुरुंग पत्करला. १९२४ पर्यंत लढा मावळला, धरण झाले, पाणी डोंगराखाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळले. मुंबईतल्या गिरण्यांना आणि घरांना वीज मिळाली, ही गोष्ट खोटी नाही. पण ज्यांच्या शिवारावर पाणी चढले, त्यांना तिचा प्रकाश कितपत दिसला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही मोठ्या धरणांविषयी विचारला जातो. तलावाकाठी चहासाठी थांबणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी हा प्रश्न मनात घेऊन ते पाणी पाहावे. त्याने त्याची शोभा उणावणार नाही.

दक्षिणेस सावंतवाडीच्या वर आंबोलीचा घाट आहे. वेंगुर्ले बंदर आणि बेळगावची छावणी यांना जोडण्यासाठी इंग्रजी अमदानीत हा मार्ग गाडीयोग्य झाला. बंदरात उतरलेला माल वर जाई आणि देशावरचा माल खाली बंदरात येई. आंबोलीला वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माळव्यात वर्षभरात जेवढा पडतो, त्याच्या सातपटीच्या आसपास. येथे धबधबा पाहावयास रस्ता सोडून जावे लागत नाही, तोच रस्त्यापाशी येतो. इतक्या पावसात रस्ता टिकतो, तो त्याच्या मोऱ्यांमुळे. डोंगराकडच्या अंगाला नाली, ठरावीक अंतरावर दगडी मोरी, दरीकडच्या अंगाला कठडा, अशी जुन्या बांधणाऱ्यांची व्यवस्था होती. स्वाराला ही मोरी दिसतही नाही. परंतु ती बुजली की पाणी रस्त्यावर येते, रस्त्याचा पाया पोखरते आणि एका रात्रीत निम्मा रस्ता दरीत जातो. घाट टिकवितात ते नाली साफ करणारे मैलकुली, ही गोष्ट सार्वजनिक बांधकाम खात्यातील जुन्या माणसांना पक्की ठाऊक असे.

या रस्त्यांवर मोटारसायकल सामान्य मराठी माणसाच्या हाती आली, ती स्वातंत्र्यानंतर. पन्नाशीच्या दशकात लष्करासाठी आठशे 'बुलेट' गाड्यांची मागणी नोंदविली गेली आणि त्यातून १९५५ मध्ये मद्रासेत एन्फील्डचा कारखाना उभा राहिला. १९६१ मध्ये म्हैसूरला जावा गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्याच 'येझ्दी' या नावाने ओळखल्या गेल्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी त्या गाड्या जपून ठेवणारे हौशी लोक अजून आहेत. साठीच्या दशकात राजदूत आली. बहुसंख्य कुटुंबांना मात्र बजाजची स्कूटरच परवडे आणि १९७२ पासून 'चेतक' हे नाव घरोघरी झाले. पुढे वडील, मागे आई, मध्ये एक मूल आणि हँडलपाशी उभे दुसरे, असा संसार त्या चेतकने वाहिला. ज्या पिढीने वाहन गरजेपोटी चालविले, तिच्याच मुलांना ते आनंदासाठी चालविता येते, ही दोन पिढ्यांच्या कष्टांची कमाई आहे. तरुणांच्या या हौसेकडे पाहताना वडीलधाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे.

आता या जुन्या घाटरस्त्यांच्या इतिहासात एक नवे प्रकरण सुरू झाले आहे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि कसाऱ्याच्या डोंगराच्या पोटातून सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने मोटारी काही मिनिटांत पार होऊ लागल्या. या दोन्ही मार्गांवर दुचाकींना प्रवेश नाही. वेग हवा असलेली वाहने नव्या मार्गाने जातात आणि मोटारसायकलस्वार जुन्याच घाटाने. बोरघाटात १८३० च्या सुमारास बांधलेला 'अमृतांजन पूल' एप्रिल २०२० मध्ये वाहतुकीला अडथळा म्हणून पाडण्यात आला. एकशे नव्वद वर्षे उभे असलेले ते दगडी काम एका दिवसात नाहीसे झाले. त्याखालून गेलेल्या कित्येकांना त्याचे वय त्याच्या मृत्यूच्या बातमीतच कळले.

आम्हांस चिंता वाटते ती याची. मालवाहतूक गेली, प्रवासी मोटारी गेल्या की जुन्या घाटाचे उत्पन्न आणि महत्त्व दोन्ही जातात. मग मोऱ्या बुजतात, कठडे ढासळतात, मैलाचे दगड झुडपांत हरवतात. नाणेघाट असाच एके काळी राजमार्ग होता. आज तेथे लेख आहे, रांजण आहे, पण वाहतूक नाही. बोर, थळ आणि जाम यांचे तसे होऊ नये असे वाटत असेल, तर त्यांची काळजी घेणारा कोणी वारस हवा. मोटारसायकलस्वार हाच आता त्या वारसाच्या जागी आलेला आहे. त्याने तो मान अनवधानाने मिळविला असला, तरी जबाबदारी जाणीवपूर्वक घ्यावी. जेथे थांबाल तेथे प्लॅस्टिक व बाटल्या टाकू नका. जामच्या दरवाज्यावर नावे कोरू नका. ढासळलेला कठडा किंवा तुंबलेली मोरी दिसली तर बांधकाम खात्याच्या नजीकच्या कार्यालयास दोन ओळींचे पत्र अवश्य लिहा. मंडळानेही दर वर्षी पावसाळ्याआधी जाम घाटात एक दिवसाचे स्वच्छता-श्रमदान करावे, अशी सूचना आम्ही या निमित्ताने कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत.

आणि सावधगिरीविषयी थोडेसे. घाटाची भीती ओसरली असली तरी तिचे कारण नाहीसे झालेले नाही. २८ जुलै २०१८ रोजी महाबळेश्वर-पोलादपूर मार्गावरील आंबेनळी घाटात एक बस दरीत कोसळली आणि तीतील एक वगळता सारे प्रवासी मृत्युमुखी पडले. ते सहकारी मिळून सहलीसच निघाले होते. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल व धूळ यांचा निसरडा थर होतो, तो धुऊन जाईपर्यंत घाटात जाऊ नये. दरड कोसळण्याच्या दिवसांत कड्याखाली वाहन उभे करू नये. शिरस्त्राण डोक्यावर असावे, हँडलला अडकविलेले नसावे. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा सल्ला आजही खरा आहे. वळणावर वेग दाखविण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी एवढेच स्मरावे की ते वळण ताशी वीस किलोमीटरांसाठी, आणि मुळात त्याहूनही मंद चालणाऱ्या बैलासाठी आखलेले आहे.

घाटात आणखी एक नियम आहे. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. १९८९ च्या वाहतूक नियमांत तो होता, २०१७ च्या नियमांतही आहे. त्यामागील विचार सोपा आहे: चढावर एकदा थांबलेले ओझे पुन्हा हलविणे फार कठीण. भरल्या बैलगाडीच्या बाबतीत हे जितके खरे, तितकेच मालमोटारीच्या बाबतीत खरे. आमच्या तरुण मित्रांनी या नियमाचे पालन करावे आणि समोरून धापा टाकीत येणाऱ्या मालमोटारीला, उसाच्या गाडीला, सायकल ढकलीत चाललेल्या दूधवाल्याला आपण थांबून वाट द्यावी. घाटरस्त्यांचे ऋण फेडण्याचा याहून साधा आणि याहून नित्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवास येणाऱ्या सर्व पाहुण्यांना आणि सभासदांना आमचे हेच सांगणे आहे की, सोहळा आटोपल्यावर एक सकाळ जामच्या घाटासाठी राखून ठेवावी. दुचाकीवरून जा अथवा मुलाबाळांसह मोटारीने जा. दरवाज्यापाशी उभे राहिल्यावर खाली निमाड दिसेल, आकाश निरभ्र असेल तर दूरवर नजर जाईल. ज्या दिशेने आपले पूर्वज चढून आले, ती दिशा मुलांना बोटाने दाखवा आणि ही वाट कोणी पाडली, कोणी राखली, तेही त्यांना सांगा.